वळण, डबा आणि बाहेर झुकणारे टोक : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘वळण पाहून डबा निवडा’ या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. एचओ स्केलच्या, म्हणजे मूळ गाडीच्या १:८७ आकाराच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर (रुळांच्या मांडणीवर) १८ इंची, म्हणजे ४५७ मि.मी. त्रिज्येचे वळण असेल, तर ८५ फुटी (ही लांबी मूळ डब्याची) अमेरिकन प्रवासी डबे घेऊ नयेत, ६० फुटी किंवा फार तर ७२ फुटी घ्यावेत, असे मी त्या लेखात सुचवले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, आपल्या घरी तेच ८५ फुटी डबे त्याच वळणावर रूळ न सोडता धावतात; लांबी कापलेला डबा हे मॉडेल नसून खेळणे असते; आणि आयसीएफ (भारतीय रेल्वेचे जुन्या पद्धतीचे) किंवा एलएचबी (नव्या पद्धतीचे) डबे जमवणाऱ्याला माझ्या अमेरिकन उदाहरणांचा काडीचाही उपयोग नाही. आक्षेप नेमके आहेत, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो.

आपले डबे धावतात याबद्दल मला शंका नाही. आपण लिहिले आहे की त्यांचे कपलर (डबे जोडणारे आकडे) डब्याच्या सांगाड्यावर नसून बोगीवर, म्हणजे डब्याखाली फिरणाऱ्या चाकांच्या गाड्यावर, बसवलेले आहेत. अशा रचनेत कपलर रुळाच्या मागोमाग वळतो, त्यामुळे डब्याचे टोक कितीही बाहेर गेले तरी जोडणीवर आडवा ताण येत नाही आणि इंजिन पुढून ओढत असेपर्यंत सगळे सुरळीत चालते. खरी परीक्षा गाडी मागे ढकलताना होते. ढकलण्याचा जोर तेव्हा सांगाड्याला न मिळता थेट बोगीला मिळतो, बोगी आपल्या खिळ्याभोवती तिरकी होऊ पाहते आणि चाकाची फ्लँज (आतली उंच कड) बाहेरच्या रुळावर चढते. सहा-सात डब्यांचा रेक त्याच वळणावरून सावकाश मागे नेऊन पाहावा, ही माझी विनंती. त्यानंतर प्रत्येक डबा उलटा धरून बोगीच्या आसपासचा तळ उजेडात तपासावा. मधल्या तुळईच्या कडेला किंवा दाराखालच्या पायऱ्यांच्या आतल्या बाजूला रंग उडून एखादी बारीक चकचकीत रेघ उमटलेली असेल, तर चाक तेथे घासत आहे. ४५७ मि.मी. त्रिज्येवर ८५ फुटी डब्याची बोगी सुमारे १३ अंश फिरते आणि बोगीचे टोकाचे चाक साडेतीन मिलिमीटर आडवे सरकते. तळाखाली ब्रेकचे दांडे आणि टाक्या तपशिलाने बसवलेल्या डब्यात एवढी मोकळी जागा बहुधा नसते. वॉल्थर्ससारखी कंपनी आपल्या ८५ फुटी डब्यांसाठी किमान २४ इंच त्रिज्या सांगते, त्यामागचे एक कारण हेच आहे.

परंतु डबा धावतो की नाही, एवढाच प्रश्न नसून वळणावर तो कोठे कोठे जातो हाही प्रश्न आहे, आणि माझ्या लेखाचा सगळा भर त्यावर होता. वळणावर डबा दोन ठिकाणी रुळाची साथ सोडतो. दोन बोगींच्या मधला भाग वळणाच्या आत सरकतो आणि बोगींच्या पलीकडची टोके बाहेर जातात. आत सरकण्याचे माप काढणे सोपे आहे : बोगींच्या मध्यबिंदूंमधल्या अंतराचा वर्ग करावा आणि त्याला त्रिज्येच्या आठपटीने भागावे. ८५ फुटी अमेरिकन डब्यात हे अंतर साधारण साडेएकोणसाठ फूट असते, म्हणजे १:८७ मध्ये २०८ मि.मी. त्यानुसार १८ इंची वळणावर डब्याचा मध्य जवळजवळ १२ मि.मी. आत येतो आणि टोकेही जवळजवळ तेवढीच बाहेर जातात. डब्याची रुंदी अवघी ३५ मि.मी. आहे, हे लक्षात घेतले की १२ मि.मी. म्हणजे किती हे समजते : एका बाजूच्या खिडक्यांची रांग रुळापासून दूर हवेत लटकते आणि दुसऱ्या बाजूचा रूळ उघडा पडतो. २२ इंचांवर हाच आकडा १० मि.मी. आणि ३० इंचांवर सुमारे ७ मि.मी. होतो.

एकामागोमाग एक उलट दिशांची दोन वळणे आली की त्रास दुप्पट होतो. मध्ये सरळ रूळ नसेल तर एका डब्याचे टोक १२ मि.मी. डावीकडे आणि त्याला जोडलेल्या डब्याचे टोक १२ मि.मी. उजवीकडे असते, दोन्ही टोकांत २४ मि.मी.चे अंतर पडते, म्हणजे डब्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश. सांगाड्यावर बसवलेला कपलर एवढा फिरूच शकत नाही, तो डब्याला रुळाबाहेर खेचतो. अशा दोन वळणांमध्ये निदान एका डब्याच्या लांबीचा सरळ रूळ हवाच. यार्डात गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या सांध्यांवर नकळत हेच उलटे वळण तयार होते आणि प्रवासी गाडी नेमकी तेथेच घसरते, म्हणून हे पुन्हा सांगितले.

आता लांबी कापलेल्या डब्याविषयी. आपली तळमळ मला पूर्ण पटते. अथर्न या मॉडेल कंपनीचा जुना ७२ फुटी डबा हा मुळात त्याहून लांब डब्याचा संक्षेप आहे, आणि मूळ डब्याच्या आराखड्याशेजारी ठेवला तर कमी झालेल्या खिडक्या जाणकाराला दिसतातच. मात्र स्केलची शपथ घ्यायची असेल तर ती वळणालाही लागू करावी लागेल. ४५७ मि.मी. त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात सुमारे ४० मीटर त्रिज्येचे होते. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे धरतात. ते १:८७ मध्ये उतरवायचे झाले तर दोन मीटर त्रिज्या लागेल आणि नुसते अर्धवर्तुळ चार मीटर रुंद होईल. घरातल्या लेआउटवर वळणाची त्रिज्या आपण चौपटीहून अधिक कापलेली असते आणि ते सर्वांना मान्य असते. त्यावर पूर्ण लांबीचा डबा ठेवला की तो डबा त्या कापलेल्या वळणाची जाहिरातच करतो. डब्याची लांबी पंधरा टक्क्यांनी कमी असल्याचे हातभर अंतरावरून पाहणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही, रुळाबाहेर लटकणारे टोक मात्र पहिल्या नजरेत खुपते.

तरीही कापलेला डबा ही माझी पहिली पसंती नाही, आणि लेखातही तो मी ६० फुटी डब्यानंतरच ठेवला होता. जे डबे प्रत्यक्षातच आखूड होते ते आधी पाहावेत. सदर्न पॅसिफिक या अमेरिकन रेल्वेच्या हॅरिमन पद्धतीच्या ६० फुटी पोलादी डब्यांचे राउंडहाउस या मॉडेल कंपनीने केलेले मॉडेल २१० मि.मी. लांब भरते आणि त्यात कशाचीही काटछाट नाही. राउंडहाउसचेच ३४ फुटी जुन्या घाटाचे लाकडी डबे तर १२० मि.मी.चेही नाहीत; १८ इंची वळणावर ते असे धावतात की वळण तीव्र आहे हे कोणाला सांगावे लागते. तीव्र वळणाला आखूड डबा हा नियम मॉडेलवाल्यांनी शोधलेला नाही. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर दोन फुटी गेज आणि घाटातली वळणे यांना साजेसे छोटे डबेच धावत आले आहेत, आणि त्यांना कोणी खोटे म्हणत नाही.

आपला तिसरा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडच्या डब्यांचे गणित अमेरिकन डब्यांपेक्षा वेगळे आणि बऱ्याच अंशी सुखाचे आहे. आयसीएफ डब्याच्या सांगाड्याची लांबी २१.३३७ मीटर, म्हणजे १:८७ मध्ये २४५ मि.मी. याचा अर्थ असा की आपला पूर्ण लांबीचा, एकही खिडकी न गाळलेला आयसीएफ डबा अमेरिकेच्या कापलेल्या ७२ फुटी डब्यापेक्षाही, जो २५२ मि.मी. भरतो, किंचित आखूडच आहे. आयसीएफच्या बोगींच्या मध्यबिंदूंमधले अंतर १४.७८३ मीटर असल्याने १८ इंची वळणावर डब्याचा मध्य ८ मि.मी. आत येतो आणि टोके साडेआठच्या आसपास बाहेर जातात; अमेरिकन डब्याच्या १२ मि.मी.शी तुलना करता हा फरक मोठा आहे.

एलएचबीची गोष्ट निराळी आहे आणि येथे मी आपले विशेष लक्ष वेधतो. त्याचा सांगाडा २३.५४ मीटरचा, म्हणजे आयसीएफपेक्षा दोन मीटरांहून अधिक लांब आहे, पण बोगींमधले अंतर १४.९ मीटर, जवळपास आयसीएफइतकेच. वाढलेली सगळी लांबी बोगींच्या पलीकडे, टोकांकडे गेली आहे. परिणामी एलएचबी वळणाच्या आत ८ मि.मी.च सरकतो, परंतु त्याची टोके १८ इंची वळणावर पावणेबारा मि.मी. बाहेर जातात, म्हणजे ८५ फुटी अमेरिकन डब्याच्या जवळ पोहोचतात. वळणाच्या आतल्या बाजूचा सिग्नल किंवा फलाटाची कड आयसीएफ ज्या अंतरावरून चुकवतो त्याच अंतरावरून एलएचबीही चुकवील, पण बाहेरच्या बाजूचा बोगद्याचा दगड त्याचे टोक ओरबाडून काढील. डबा विकत घेताना खोक्यावरची एकूण लांबी वाचून थांबू नये, बोगींमधले अंतरही पट्टीने मोजावे, असे मी म्हणतो ते यासाठीच.

दुहेरी मार्ग असेल तर आणखी काळजी हवी. आतल्या मार्गावर १८ इंची आणि बाहेरच्या मार्गावर २० इंची वळण ठेवले, तर दोन रुळांच्या मध्यांमध्ये ५१ मि.मी. अंतर राहते. त्यावर दोन ८५ फुटी डबे एकमेकांशेजारून जाण्यासाठी किमान ५८ मि.मी. लागतात, म्हणजे ते आदळणारच. पेको कंपनीच्या सेटट्रॅक या तयार रुळांमध्ये ६७ मि.मी. अंतर असते, तेथे एलएचबीदेखील निर्धास्त जातो. मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असल्याने मॉडेलमध्ये ४२ मि.मी. होतो, लोकल धावणार असेल तर हे माप स्वतंत्रपणे धरावे.

शेवटी आपण विचारले आहे की ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर नेमके काय घ्यावे. चार फुटांत २४ इंची त्रिज्येचे वर्तुळ थेट फळीच्या कडेवर येते, म्हणून २२ इंच ही व्यवहारातली मर्यादा आहे. या वळणावर आयसीएफचे चार-पाच डबे शोभून दिसतील. वळणाच्या दोन्ही तोंडांशी ३०० मि.मी. लांबीचा हळूहळू वळत जाणारा संक्रमण-वक्र द्यावा. त्यासाठी मूळ वळण ७ मि.मी. आत सरकवावे लागते, म्हणजे तेथे त्रिज्याही तेवढी कमी धरावी, पण डबा वळणात शिरताना बसणारा झटका जवळजवळ नाहीसा होतो. एलएचबीचा लांब रेकच हवा असेल, तर मी एन स्केल (१:१६०) सुचवीन. तेथे डबा १४७ मि.मी.चा होतो, आणि जे १८ इंची वळण एचओमध्ये तीव्र वाटते तेच डब्याच्या लांबीच्या तिप्पट भरते; तिप्पट त्रिज्या मिळाली की डबे भरवशाने चालतात, हा या छंदातला जुना आडाखा आहे.

रूळ ठोकण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. निवडलेल्या डब्याच्या लांबी-रुंदीचा पुठ्ठा कापावा, बोगींच्या मध्यबिंदूंवर दोन टाचण्या आरपार टोचाव्यात, आणि दोन्ही टाचण्या आखलेल्या रेषेवर ठेवून पुठ्ठा वळणभर सरकवत दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा कराव्यात. त्या खुणांच्या आत काहीही उभे करू नये. आपल्या १८ इंची वळणावर ८५ फुटी डब्याचा आणि आयसीएफचा असे दोन पुठ्ठे सरकवून खुणांमधला फरक कळवलात, तर मला मनापासून आनंद होईल.