कॉम्प्रेशन १०० च्या खाली म्हणजे आउटबोर्ड भंगारात? गेज बाजूला ठेवा आणि आधी हे वाचा

जुना आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं इंजिन, घेणाऱ्यांसाठी सल्ला म्हणून एक मेसेज सारखा फिरतोय, माझ्याकडे तर चार वेगवेगळ्या लोकांकडून आला. थोडक्यात असा आहे: प्लग काढा, कॉम्प्रेशन गेज (सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजायचं मीटर) लावा, १०० पीएसआयच्या (पीएसआय हे दाबाचं एकक) खाली आलं की इंजिन संपलं. मग सिलेंडरमध्ये ऑइल टाकून परत बघा, आकडा वाढला तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह गेले. १०० च्या वर आलं तर डोळे झाकून घ्या. आणि थोडंसंच कमी असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल डबल करा, सील होऊन जातं.

यातलं एकेक वाक्य धरून बोलतो, कारण यापायी धडधाकट मोटरी खोलल्या जाताना मी बघितल्यात आणि ते बघवत नाही. खाऱ्या पाण्यात वीस-तीस वर्षं काढलेली मोटर एकदा उगाच खोलायला घेतली की हेडचा (सिलेंडरच्या झाकणाचा) बोल्ट आतच तुटतो, मग तो ड्रिल करून काढा, मग आटे गेले म्हणून नवीन आटे पाडा, म्हणजे जो आजार नव्हताच तो आपण हाताने लावून घ्यायचा.

"१०० च्या खाली म्हणजे संपलं." हा आकडा सगळ्या इंजिनांना एकच लावता येत नाही हो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन वर यायला लागला म्हणून लगेच दाब तयार होत नाही, एक्झॉस्टचं पोर्ट (सिलेंडरच्या भिंतीतलं धूर बाहेर जायचं भोक) झाकलं जाईपर्यंत हवा बाहेरच जात असते, खरं दाबणं सुरू होतं ते त्यानंतर. ते पोर्ट किती उंचीवर आहे, हेडमध्ये जागा किती आहे, यावर कंपनीने ठरवलेला आकडाच वेगवेगळा असतो. १९५०-६० च्या दशकातल्या कितीतरी लहान मोटरी ६० ते ८० वर आयुष्यभर गोड चालल्यात, आणि नंतरच्या काही मोटरींना १२० पेक्षा कमी आलं तर विचार करावा लागतो. बऱ्याच जुन्या मॅन्युअलमध्ये तर ठराविक आकडा नसतोच, सिलेंडर-सिलेंडरमधला फरक १५ पीएसआयच्या आत असावा एवढंच लिहिलेलं असतं, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच नाहीये. ७२ आणि ७० दाखवणारी मोटर आणि १२५ आणि ९५ दाखवणारी मोटर यातली आजारी कुठली? मेसेजप्रमाणे पहिली भंगारात. मी म्हणेन दुसरीच्या १२५ वर खूश होऊ नका, त्या ९५ वाल्या सिलेंडरमध्ये काहीतरी बिघडलंय, आत्ताच बघा.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड असेल तर आणखी एक गोष्ट. त्यातल्या बऱ्याच मोटरींना कॅमशाफ्टवर डीकॉम्प्रेसर असतो, स्टार्ट करताना दोरी हलकी जावी म्हणून तो हळू फिरताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतो. म्हणजे तुम्ही गेज लावून दोरी ओढताय तेव्हा इंजिन मुद्दाम दाब सोडतंय, आणि तुम्ही म्हणताय व्हॉल्व्ह गळतोय. उंचावरच्या तलावावर मोजत असाल तर तेही धरा, समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी असतो, आकडाही त्याच हिशोबाने पडणार.

आता "प्लग काढा, गेज लावा". सगळ्यात जास्त घोळ इथे आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला, दादा, वरचा ६५, खालचा ६२, गेली ना मोटर? दोन सिलेंडरची टू-स्ट्रोक, पाण्यात ओढत नाही ही तक्रार. म्हटलं खोलू नकोस, मी येतो. जाऊन बघतो तर त्याच्याकडे रबरी टोकाचं, नुसतं दाबून धरायचं गेज. एका हाताने ते दाबतोय, दुसऱ्या हाताने दोरी ओढतोय, आणि प्रत्येक ओढीला रबराच्या कडेने ऑइलचा बारीक फवारा त्याच्या मनगटावर येतोय, चार ओढीत मनगट चकचकीत. दाब तर तिथूनच निघून चालला होता. वर थ्रॉटल बंद, म्हणजे आत हवाच पुरेशी जात नव्हती. मी माझं आट्यांचं गेज हाताने पिळून बसवलं, आणि न्यूट्रलमध्ये त्या मोटरीचं हँडल अर्ध्याच्या पुढे फिरत नव्हतं म्हणून कार्बोरेटरचा पडदाच बोटाने पूर्ण उघडा धरला, चोक उघडा आहे ना ते बघितलं आणि त्याला म्हटलं ओढ आता, काटा वर चढायचा थांबेपर्यंत. वरचा ९८, खालचा ९६. तीच मोटर, तीच दुपार.

आट्यांचं गेज घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. गेजमध्ये दाब धरून ठेवणारी छोटी व्हॉल्व्ह पिन असते, ती होजच्या प्लगकडच्या टोकाला पाहिजे. ती वरती गेजजवळ असेल तर अख्खा होज सिलेंडरचाच भाग होऊन बसतो. ३० सेमी लांब आणि आतून ५ मिमी रुंद होज म्हणजे जवळपास ६ सीसी जागा. गाडीच्या मोठ्या सिलेंडरला याने विशेष फरक पडत नाही, पण छोट्या आउटबोर्डचा हिशोब करून बघा. समजा पोर्ट झाकल्यावर आत ७२ सीसी हवा अडकली आणि ती १२ सीसीत दाबली जातेय, म्हणजे ६ ला १. आता दोन्हीकडे ६ वाढवा, ७८ भागिले १८, झालं ४.३ ला १. इंजिनात काहीही बिघाड नसताना आकडा कोसळला! म्हणून ऑटो पार्टसच्या दुकानातलं गाडीचं गेज लहान मोटरीला लावून कुणी आकडा सांगितला की मी आधी होजबद्दल विचारतो.

बाकीचं पटकन सांगतो. दोन्ही प्लग काढा, एकच नाही, नाहीतर दुसऱ्या सिलेंडरच्या दाबाविरुद्ध फिरवताना वेग पडतो. सेल्फवाली असेल तर बॅटरी भरलेली हवी, दोरीवाली असेल तर सगळे सिलेंडर एकाच माणसाने ओढा. महिनोन्‌महिने पडून असलेल्या मोटरीच्या सिलेंडरची भिंत कोरडी असते, ओव्हर झालेल्या (आत जास्त पेट्रोल गेलेल्या) मोटरीत पेट्रोलने ऑइल धुऊन गेलेलं असतं, दोन्हीत आकडा कमी येतो, जमलं तर पाण्यात चालवून गरम करून मग मोजा. आणि हे हात जोडून सांगतो, प्लगच्या वायरी मोकळ्या लटकत ठेवू नका. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जात असते आणि शेजारी ठिणगी उडतेय, आग लागायला आणखी काय पाहिजे. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, वायरी ब्लॉकला अर्थ करा, पेट्रोलचा पाइप काढून ठेवा. वायर अर्थ न करता फिरवलं तर सीडीआय युनिट (ठिणगी तयार करणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतं तो वेगळाच भुर्दंड.

"ऑइल टाकून वाढलं तर रिंगा, नाही तर व्हॉल्व्ह." पहिली गोष्ट, टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये असे व्हॉल्व्ह नसतातच! असतात त्या रीड, म्हणजे आत आलेलं मिश्रण मागे न जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या, त्या क्रँककेसकडे (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, तो असलेल्या कप्प्याकडे) असतात, आणि त्या गळत असल्या तर कार्बोरेटरमधून पेट्रोल उलटं थुंकतं, इंजिन ओढत नाही, पण प्लगच्या भोकात लावलेलं गेज त्याबद्दल काही सांगत नाही.

दुसरं, ही ऑइलची टेस्ट गाडीतून उचललीय, जिथे सिलेंडर बहुतेक उभे असतात आणि ऑइल पिस्टनच्या कडेने चहूबाजूंनी पसरतं. आउटबोर्डमध्ये क्रँक उभा आणि सिलेंडर आडवा. ऑइल टाकलं की खालच्या बाजूला जाऊन थारोळं करतं, वरच्या बाजूची रिंग कोरडीच. फोर-स्ट्रोकमध्ये तरी इंजिन पाच-सहा वेळा हाताने फिरवून ऑइल पसरवून घेतलं तर टेस्टला अर्थ आहे.

तिसरं म्हणजे परत तोच सीसीचा हिशोब. लोक चमचाभर ऑइल टाकतात, धरा ५ सीसी. १२ सीसीच्या जागेतले ५ ऑइलनेच खाल्ले, उरले ७. आतली हवा ६७, भागिले ७, म्हणजे साडेनऊला एक. रिंगा कशाही असू देत, आकडा वाढणारच, आणि तुम्ही म्हणणार बघा, रिंगा गेल्या. त्याहून जास्त ओतलं तर पिस्टन अडकून कनेक्टिंग रॉड वाकायची भीती.

मग कळणार कसं? आकड्यांचा पॅटर्न बघा आणि डोळ्यांनी बघा. एकमेकांशेजारचे दोन सिलेंडर सारखेच कमी आणि बाकीचे ठीक, तर मधल्या जागी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ पॅकिंग) फुटलेलं असायची शक्यता मोठी. गॅस्केटमधून पाणी येत असेल तर त्या सिलेंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. हे काम हेड काढून होतं, बाकीचं इंजिन खोलावं लागत नाही, हेड वाकलंय का ते काचेवर घासपेपर ठेवून त्यावर फिरवलं की दिसतं. एकच सिलेंडर कमी असेल तर प्लगच्या भोकातून बोरस्कोप (वायरीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा) घाला, मोबाइलला जोडायचे आता सहज मिळतात. भिंतीवर उभे ओरखडे किंवा चोपडलेलं अॅल्युमिनियम दिसलं तर मात्र वाईट बातमी, तिथे बोअर (सिलेंडर आतून थोडा मोठा करणं) आणि ओव्हरसाइझ पिस्टन, आणि ते करताना का घासलं तेही शोधा, पाण्याच्या पंपाचा इंपेलर मेला होता का त्या सिलेंडरचा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबला होता, नाहीतर नवीन पिस्टनचीही तीच गत.

आणि "रिंगा गेल्या" आणि "रिंगा जाम झाल्या" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्याच मोटरीचा खालचा सिलेंडर ७८ वर आला होता, वरचा ११०. एक्झॉस्टचं कव्हर काढलं, फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवत पिस्टनची रिंग पोर्टसमोर आणली आणि लाकडाच्या बोथट काडीने दाबली. चांगली रिंग आत दबते आणि सोडली की टुणकन बाहेर येते. ही हललीच नाही, खाचेत कार्बनने चिकटून बसलेली, आणि तिच्याखाली पिस्टनच्या अंगावर चहासारखा तपकिरी डाग उतरलेला, गॅस तिथून खाली पळत होता. पण भिंत बघितली तर स्वच्छ, नख फिरवलं तरी काही लागत नव्हतं. मग डीकार्ब स्प्रे (कार्बन विरघळवणारा), प्लगच्या भोकातून भरपूर मारला, रात्रभर ठेवला, मधे मधे हाताने फिरवला, दुसऱ्या दिवशी पाण्यात लोडवर पळवला, असं दोनदा केलं. ७८ चे १०४ झाले. पिस्टन-रिंगा मागवायच्या बेतात होतो मी.

"१०० च्या वर आलं तर डोळे झाकून घ्या." नाही, अजिबात नाही. विकणाऱ्याने सकाळीच फॉगिंग ऑइल (मोटर ठेवून देताना सिलेंडरमध्ये फवारायचं ऑइल) मारलं असेल तर आकडा छान येतो. हेडमध्ये आणि पिस्टनवर कार्बनचा थर असेल तरी आकडा फुगतो, कारण दाबायची जागा कमी झालेली असते. ओरखडे पडलेला सिलेंडरसुद्धा ऑइलच्या जोरावर चांगला आकडा दाखवतो, गेज ठणठणीत म्हणत होतं आणि हेड काढलं तर आत शेत नांगरलेलं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय क्रँकचे सील, बेअरिंग, रीड यातलं काहीच या गेजवर दिसत नाही. घेण्याआधी मोटर पाण्यात लोडवर चालवून बघा, एकेक सिलेंडर बंद करून आवाज किती पडतो ते ऐका, बोरस्कोप घाला. शक्य असेल तर लीक-डाऊन करा, पिस्टन वरच्या टोकाला धरून हवा सोडायची आणि कुठून सुं आवाज येतो ते ऐकायचं. फोर-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आला तर रिंगा. आणि व्हॉल्व्ह निघाला तरी आधी फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हची फट, बघा, टाइट झालेला व्हॉल्व्ह नीट बसत नाही म्हणून दाब जातो, ते अर्ध्या तासाचं काम आहे.

"ऑइल डबल करा." हे कृपा करून करू नका. ऑइल वाढवलं म्हणजे त्याच जेटमधून जाणारं पेट्रोल कमी झालं, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन जास्त गरम. आणि जास्तीचं ऑइल जळून कार्बन होतो, जो जाऊन बसतो रिंगेच्या खाचेत. ७८ कशामुळे झाले होते ते वर सांगितलंच. मॅन्युअलमध्ये ५० ला १ (५० भाग पेट्रोल, १ भाग ऑइल) असेल तर ५० ला १, जुन्या मोटरीला २४ ला १ असेल तर तेवढं, आणि ऑइल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं (टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठीचं), बाइकचं नाही.

त्या मुलाच्या मोटरीचं विचाराल तर ९८-९६ आल्यावर दाबाचा विषय संपला होता, तरी ती ओढत नव्हती हे खरंच होतं. प्लग परत लावले, चालू केली, संध्याकाळ झाली होती म्हणून कव्हर काढून अंधारात बघितलं, तर खालच्या सिलेंडरच्या कॉइलला केसाएवढा तडा आणि त्यातून निळी ठिणगी बाहेरच्या बाहेर ब्लॉकवर उडतेय. कॉइल बदलली, दुसऱ्या ओढीला चालू झाली, आणि बोट पाण्यावर उठून पळायला लागली, त्याच ९८ आणि ९६ वर.