तीन आठवडे मी गाणंच लावलं नव्हतं

मागच्या वर्षी एका संध्याकाळी मुलीने सहज विचारलं, "आई, तू हल्ली गुणगुणत नाहीस. काही झालंय का?"

काही झालेलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. ऑफिस चालू होतं, घर चालू होतं, फोनवर हसून बोलणंही चालू होतं. पण ती विचारून आत निघून गेली आणि मी आठवायला लागले, आपण शेवटचं गाणं लावलं कधी? सकाळच्या कामांत नाही, प्रवासात नाही, रात्री आवरताना नाही. जवळजवळ तीन आठवडे मी स्वतःहून एकही गाणं लावलं नव्हतं. इयरफोन पर्सच्या तळाशी तसेच गुंडाळलेले पडले होते. मन खचत चाललंय हे मला त्या दिवशी समजलं, तेही मुलीला आधी आणि मला मागून.

तेव्हापासून मी गाण्यांकडे वेगळ्या नजरेने बघते. "कशी आहेस?" असं कुणी विचारलं की तोंडातून आपोआप "मजेत" येतं. पण यादीतलं कुठलं गाणं मी दहा सेकंदांत पुढे ढकलते आणि कुठलं परत मागे नेऊन ऐकते, त्यात लपवालपवी नसते. एरवी ज्यावर बोटं ठेका धरतात तेच गाणं कर्कश वाटलं, की समजावं अंगात त्राण उरलेलं नाही. झोप झालेली नसली की मला शब्द नकोसे होतात, नुसतं वाद्य चालतं. कुणाला उलट बोलायचं राहून गेलेलं असलं की तालवाद्यांचा दणदणाट हवा असतो. आणि मन खरंच प्रसन्न असलं की निवडच करावी लागत नाही, हाताला लागेल ते गाणं गोड वाटतं.

पण आज लिहायला बसले ते त्या तीन आठवड्यांनंतर काय झालं, ते सांगायला.

एका मैत्रिणीजवळ बोलले. तिने त्याच रात्री वीस उडत्या चालीच्या गाण्यांची यादी पाठवली आणि खाली लिहिलं, "ऐक, लगेच फ्रेश वाटेल." मनापासून पाठवली होती, म्हणून मीही मनापासून ऐकायला बसले. तिसऱ्या गाण्याला मला रडू फुटलं. त्यातल्या नाचणाऱ्या, खिदळणाऱ्या जगात मला कुठे जागाच नव्हती. रडणाऱ्या माणसाला कुणी "अगं, हस की जरा" म्हटलं तर त्याला जितकं एकटं वाटेल, तितकं मला वाटलं.

मग मी ते बंद केलं आणि व्हायोलिनची एक जुनी, अतिशय संथ धून लावली. खूप वर्षांनी. तिच्यात उदासी होती, माझ्याइतकीच. ती मला काही करायला सांगत नव्हती. शेजारी येऊन बसल्यासारखी ती नुसती वाजत राहिली, आणि दहाएक मिनिटांनी जाणवलं की आपला श्वास लांब झालाय, खांदे उतरलेत. नंतर एक थोडं मोकळं गाणं लावावंसं वाटलं. त्यानंतर आणखी एक, ज्यात निदान ठेका होता. त्या रात्री चार-पाच गाण्यांवरच थांबले. आनंदी वगैरे झाले नाही, पण झोप लागली.

नंतर वाचताना कळलं की संगीतोपचारात या वाटेला नाव आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी 'आयसो तत्त्व' मांडलं. ग्रीक भाषेत 'आयसोस' म्हणजे सारखं, समान. माणूस आत्ता ज्या मनःस्थितीत आहे तिच्याशी जुळणारं संगीत आधी द्यायचं आणि मग पायरीपायरीने त्याला हव्या त्या भावाकडे न्यायचं. वाचून मला भरून आलं, कारण हेच तर मी चाचपडत केलं होतं.

उदास माणसाने उदास गाणी ऐकू नयेत, हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 772 लोकांना दुःखी संगीत ऐकून काय वाटतं ते विचारलं होतं. सर्वांत जास्त वेळा सांगितली गेलेली भावना दुःख नव्हती. गेलेल्या दिवसांची ओढ होती, ती हुरहुर. दुःखी सूर दर वेळी दुःखच वाढवतो असं मानणं म्हणजे ऐकणाऱ्याला फार उथळ समजणं आहे.

एक मात्र मी स्वतःला बजावलंय. तेच एक गाणं चार-चार दिवस लावून तीच जखम उकरत बसले, तर ते ऐकणं राहत नाही, नुसतं घोळणं होतं. पाचव्यांदा लावताना मी स्वतःला विचारते, आता पुढचं कुठलं? पुढचं सुचतच नसेल, दिवसचे दिवस काहीच ऐकावंसं वाटत नसेल, तर माणसाशी बोलायची, गरज पडल्यास डॉक्टरकडे जायची वेळ आलेली असते. गाण्यावर तेवढा भार टाकू नये.

आणि गाणं आपल्याच आवडीचं हवं, याबद्दल मी फार आग्रही आहे. मॉन्ट्रियलमध्ये वॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झाटोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचं चित्रण करून एक प्रयोग केला, तो 2011 साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना ऐकवलेलं सुखाचं संगीत त्यांनी स्वतःच निवडलेलं होतं, अंगावर शहारा आणणारं. तो शहारा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन, म्हणजे सुखाशी जोडलेलं एक रसायन, स्रवतं हे तर दिसलंच. पण मला जास्त भावलं ते पुढचं: आवडती जागा येण्याच्या काही क्षण आधी, नुसत्या वाट बघण्यातही, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात डोपामिन स्रवत होतं. समेची वाट बघताना आपण श्वास रोखून धरतो ना, ते सुख आलं कुठून हे मला त्या दिवशी कळलं. हजार वेळा ऐकलेल्या गाण्यात पुढे काय येणार हे माहीत असतं, आणि माहीत असतं म्हणूनच ते येण्याआधी मन फुलायला लागतं. दुसऱ्याने पाठवलेल्या यादीत ही ओळख कुठून असणार?

काही लोकांना संगीतातून फारसं सुख मिळतच नाही, बाकी सगळ्या गोष्टींचा आनंद ते घेतात. संशोधकांनी अशांचाही अभ्यास केलाय. तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्यांच्यामागे गाण्यांचा लकडा लावू नका. त्यांचा सूर दुसरीकडे कुठेतरी लागलेला असेल.

व्हायोलिनच्या त्या रात्रीनंतर मला सावरायला दोनेक महिने लागले. रोज एखादं गाणं, कधी अर्धंच. मग एकदा भांडी घासता घासता मी कुठल्याशा गाण्याचा मुखडा म्हणत होते, माझ्या लक्षातही नव्हतं. अंतऱ्याचे शब्द विसरले आणि तिथेच थांबले. आतल्या खोलीतून मुलीने पुढची ओळ म्हटली.