सासूबाईंची हिरवी गोळी आणि बी-१२ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

शेवाळाच्या गोळ्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सासूबाईंनी बी-१२ (नसांना आणि रक्ताला लागणारं जीवनसत्त्व) सोडून स्पिरुलिना, म्हणजे शेवाळ म्हणून विकली जाणारी हिरवी गोळी, सुरू केली आणि त्यांना बरं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी औषध कंपन्यांची तळी उचलतो, हा आरोप राहू दे. (स्पिरुलिनाही कंपन्याच विकतात, आणि डब्यावरची किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले होते.)

एक टोला मात्र बरोबर बसला. 'शेवाळाच्या गोळ्या म्हणजे पैसे पाण्यात' हे माझं वाक्य फारच सरसकट होतं. स्पिरुलिना वाळवली की वजनाच्या ६० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक तिच्या वड्या वाळवून पिढ्यान्‌पिढ्या खात आलेत. कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचे छोटे अभ्यासही आहेत. पण ५०० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या म्हणजे ३ ग्रॅम, त्यात प्रथिनं जेमतेम पावणेदोन ग्रॅम. पेलाभर दुधात याच्या तिपटीहून जास्त मिळतात.

आता तुमच्या सासूबाईंचं. ७२ वर्षांच्या, जन्मभर शाकाहारी, डॉक्टरांनी दिलेलं बी-१२ बंद करून स्पिरुलिनावर आहेत आणि 'तरतरी आली आहे', असं तुम्ही लिहिलंय. माझं भांडण आहे ते इथेच. डब्यावर बी-१२ लिहिलेलं असतं, ते अगदीच खोटं नसतं. बी-१२ मोजायची एक जुनी पद्धत अशी की नमुन्यावर विशिष्ट जिवाणू किती वाढतात ते बघायचं. स्पिरुलिनात बी-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला न चालणारं रूप जास्त असतं, आणि हे जिवाणू त्यावरही वाढतात. आकडा फुगतो, सासूबाईंच्या नसांना काही पोचत नाही. नेदरलँड्समध्ये बी-१२ कमी असलेल्या मुलांना स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळ देऊन पाहिलं होतं. १९९१ साली ते छापून आलं. रक्तातला बी-१२ चा आकडा वाढला, पण तांबड्या पेशींची तक्रार सुधारण्याऐवजी बिघडली.

हे लांबचं वाटत असेल तर आपल्या रास्ता पेठेतलं ऐका. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ च्या त्या अहवालात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघालं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातलेच लोक.

'मग शेवाळातलं काहीच चालत नाही का?' असं तुम्ही विचारलंय. चालतं की. माशांमधलं ओमेगा-३ मुळात सूक्ष्म शेवाळातूनच त्यांच्यात येतं, त्यामुळे शेवाळापासून काढलेलं डीएचए (ओमेगा-३ चाच एक प्रकार) तेल शाकाहारी माणसाला सरळ उपयोगी आहे. आणि आपलं चायना ग्रासचं पुडिंग तरी कशाचं असतं? लाल समुद्री शेवाळाचंच. गंमत म्हणजे स्पिरुलिना स्वतः शेवाळ नाहीच, ते जिवाणू आहेत. निळं-हिरवं शेवाळ म्हणायची जुनी सवय, एवढंच.

घ्यायचीच असेल तर मायक्रोसिस्टिन आणि शिसं तपासल्याचा त्या बॅचचा अहवाल विक्रेत्याकडे मागा. मायक्रोसिस्टिन हे यकृताला बाधणारं विष उघड्या तळ्यातल्या दुसऱ्या निळ्या-हिरव्या जातींमधून मिसळू शकतं. सासूबाई रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेत असतील तर क्लोरेला (गोळ्यांत मिळणारं दुसरं हिरवं शेवाळ) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्यात के जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफरिनच्या उलट काम करतं.

स्पिरुलिना सोडा असं मी म्हणत नाही. बी-१२ ची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करा, आणि नुसत्या बी-१२ च्या आकड्यावर न थांबता होमोसिस्टीनही (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) तपासायचं का, तेही विचारा. तळपायांना मुंग्या येतात का (बी-१२ कमी पडल्याची ती एक खूण असते), हे सासूबाईंना आज संध्याकाळीच विचारा. म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत.