‘दहा मिनिटांत तयार’ या माझ्या वाक्याबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुने व्हिडिओ गेम चालवणाऱ्या हातातल्या यंत्रावर मी लिहिलेल्या लेखाला आपण वाशीम जिल्ह्यातून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेखात ‘दहा मिनिटांत यंत्र तयार’ असे लिहिले होते. त्या भरवशावर आपण पुतण्यासाठी आर ३६ एस हे यंत्र मागवले, मी सांगितल्याप्रमाणे नवे मेमरी कार्ड बनवून घातले आणि पडदा काळा पडला तो पडलाच. त्यात आपले दोन रविवार गेले. मोबाइलच्या चार्जरवर यंत्र चार्ज होईना. खेळ कोठून आणायचे ते मी ‘सोयीस्करपणे गाळले’, असे आपण म्हणता. आणि हे सारे मोबाइलवर फुकटात होत असताना कापसाच्या चुकाऱ्यातले चार हजार रुपये असल्या खेळण्यात घालायला लोकांना का सांगता, हा आपला शेवटचा प्रश्न आहे. काळ्या पडद्याचा दोष संपूर्णपणे माझा आहे. बाकीच्या मुद्द्यांवर काही ठिकाणी आपले पटते, काही ठिकाणी नाही.

दहा मिनिटे हा आकडा मी हवेतून काढला नव्हता, पण तो तिसऱ्या यंत्राच्या वेळचा होता. स्वतःचे एक आणि मावसभावाचे एक अशी दोन यंत्रे लावून झाल्यावर हाताला सवय झाली होती, लागणाऱ्या फाइली संगणकावर आधीच उतरवलेल्या होत्या, कार्ड तपासून ठेवलेले होते, आणि तेव्हा घड्याळ लावून मी तो आकडा लिहिला. पहिल्या यंत्राला मला अख्खा शनिवार लागला होता, हे लिहिताना मी विसरलो. पुरणपोळी किती वेळात होते असे विचारल्यावर फक्त तव्यावरचा वेळ सांगावा, तसे ते झाले.

आता काळ्या पडद्याविषयी. आर ३६ एस या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या यंत्रांत आतला पडदा एकच नसतो. बाहेरून डबा तोच, बटणे तीच, पडदा साडेतीन इंची आणि ६४० बाय ४८० बिंदूंचाच. पण कारखान्यात ज्या वेळी जो पडदा उपलब्ध असेल तो बसवलेला असतो, आणि प्रत्येक प्रकाराला चालू करण्याच्या सूचना वेगळ्या लागतात. या सूचना डीटीबी या अक्षरांनी संपणाऱ्या एका लहानशा फाइलमध्ये असतात. यंत्रासोबत आलेले मूळ कार्ड संगणकाला लावले की त्यावर बूट नावाचा एक छोटा भाग दिसतो, तेथे ती फाइल असते. नव्या कार्डावर आर्क-ओएस (यंत्र चालवणारी मूळ प्रणाली) उतरवल्यावर त्याच्या बूट भागातील त्याच नावाची फाइल काढून आपल्या मूळ कार्डावरची तिच्या जागी ठेवावी लागते. मी ते दर वेळी करत आलो आणि सवयीचे झाले म्हणून लेखात त्याचा एक शब्दही लिहिला नाही.

आपली प्रतिक्रिया आल्यावर मी हे मुद्दाम करून पाहिले. एक रिकामे कार्ड घेतले, त्यावर इमेज, म्हणजे आर्क-ओएसची संपूर्ण कार्डाची एकत्रित फाइल, लिहिली, फाइल बदलली नाही आणि कार्ड यंत्रात घातले. संध्याकाळी भारनियमनामुळे खोलीत अंधार होता, म्हणून फरक स्पष्ट दिसला: बटण दाबल्यावर पडद्यामागचा उजेड लागतो, काळ्या काचेवर राखाडी झाक येते, आणि त्यापुढे काहीच होत नाही. यंत्र मेलेले नसते. ते आत व्यवस्थित चालू झालेले असते, फक्त पडद्याशी कोणत्या भाषेत बोलावे हे त्याला ठाऊक नसते. कार्ड काढले, ती एक फाइल बदलली, पुन्हा घातले, आणि चित्र आले. आपण यंत्र ‘खराब निघाले’ म्हणून परत पाठवण्याच्या विचारात आहात असे लिहिले आहे. तूर्त तसे करू नये अशी विनंती आहे.

याच टप्प्यावर आणखी एक फसगत होते. इमेज लिहून झाल्यावर विंडोज ‘हे कार्ड वापरण्यासाठी फॉरमॅट करावे लागेल’ अशी खिडकी दाखवते, कारण कार्डावरचा एक भाग लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या पद्धतीचा असतो आणि विंडोजला तो वाचता येत नाही. त्या खिडकीला दर वेळी ‘कॅन्सल’ हेच उत्तर द्यायचे असते. तेथे फॉरमॅट करायला होकार दिला की केलेले काम पुसले जाते. तसेच कार्ड घातल्यानंतरच्या पहिल्या चालूवेळी यंत्र खेळांसाठीची जागा वाढवून घेते आणि त्या दरम्यान आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. तेव्हा ते अडकले असे समजून बटण दाबायचे नाही. बॅटरी भरलेली ठेवून ते टेबलावर तसेच राहू द्यावे आणि चहा घेऊन यावे.

कार्डाबद्दल मात्र मी लेखात जे लिहिले त्यावर ठाम आहे, उलट ते अधिक जोर देऊन लिहायला हवे होते. या यंत्रांसोबत येणारी बिननावाची कार्डे काही महिन्यांत दगा देतात. माझे पहिले कार्ड ऐन तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गेले. घरात आठ-दहा पोरे सजवलेले लाकडी बैल घेऊन जमलेली, आणि यंत्र सुरूच होईना. तेव्हापासून मी मूळ कार्ड हातात आल्याबरोबर त्याची संपूर्ण नक्कल संगणकावर काढून ठेवतो आणि ते कार्ड बाजूला ठेवतो. नवे कार्ड घेतानाही ते नावाजलेल्या कंपनीचे दिसते म्हणून भागत नाही, कारण त्यावर ६४ जीबी छापलेले असून आत तेवढी जागा नसलेली नकली कार्डे बाजारात भरपूर आहेत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा छोटा मोफत प्रोग्राम सगळे कार्ड भरून लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. माझ्या संगणकावर ६४ जीबीला यासाठी दोन तास लागतात. कंटाळवाणे काम आहे, पण ते आधी न केल्यास दोन महिन्यांनी पुतण्याचा अर्धवट खेळलेला खेळ नाहीसा होतो आणि कारण सापडत नाही.

चार्जरचे कारण वेगळे आहे. दोन्ही बाजूंनी सी-टाइप असलेल्या वायरीने जोडल्यावर चार्जर आधी समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचा ठरावीक रोधक आहे का हे पाहतो आणि तो सापडला तरच वीज सोडतो. बऱ्याच स्वस्त यंत्रांत पैसे वाचवण्यासाठी तो रोधक बसवलेलाच नसतो. म्हणून आपला नवा वेगवान चार्जर गप्प बसतो आणि घरातला जुना, चपट्या चौकोनी तोंडाच्या वायरीचा पाच व्होल्टचा चार्जर मात्र काम करतो. तो जुनाच वापरावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यासंबंधी एक गोष्टही सांगायला हवी: लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि मे महिन्यात आपल्या टिनाच्या खोल्यांत दुपारी तेवढे तापमान सहज होते. मी मार्चपासून यंत्र पहाटेच चार्जिंगला लावतो, आणि खेळणाऱ्या पोरांना ते उशीखाली किंवा गादीत खुपसून चार्ज करू देत नाही.

खेळ कोठून आणायचे, हे मी गाळले हे खरे. ते लपवाछपवीसाठी मात्र नव्हते. इम्युलेटर हा प्रोग्राम म्हणजे जुन्या यंत्राच्या वागण्याची नक्कल, आणि तो स्वतंत्रपणे लिहिलेला असेल तर त्यात गैर काही नाही. खेळांची फाइल, जिला रोम म्हणतात, ती मात्र कोणाच्या तरी मालकीची असते. खेळ जुना झाला किंवा दुकानात मिळेनासा झाला म्हणून ती मालकी संपत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम ५२ मध्ये संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला नुकसानीपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा आहे. त्यातले ‘कायदेशीरपणे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. माझ्याकडे लहानपणी आठवडी बाजारातून आणलेली ‘९९ इन वन’ची पिवळी कॅसेट अजून आहे, आणि मला बरेच दिवस वाटायचे की तिच्या जोरावर त्या सगळ्या खेळांवर माझा हक्क आहे. पण ती कॅसेट स्वतःच चोरीची नक्कल होती. टीव्हीला लावायचे ते यंत्रही १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कलच होते. आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण त्या नकलांवर गेले हे मान्य, पण त्यावरून आज हक्क सिद्ध होत नाही. म्हणून मी रोमचे दुवे देत नाही, आणि शेकडो खेळ भरून दिलेले कार्ड विकणाऱ्याचे कौतुकही करत नाही.

प्लेस्टेशन या सोनीच्या जुन्या यंत्राच्या बायोस फाइलचेही (ते यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचेही) तेच आहे. तीही सोनीच्या मालकीची असते. तिच्याऐवजी पीसीएसएक्स रीआर्म्ड या कोअरमध्ये (एका जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या भागाला कोअर म्हणतात) एक पर्यायी व्यवस्था आतच असते. तिच्यावर बरेच खेळ चालतात, काही अडतात.

मग खेळायचे काय? याचे उत्तर मी लेखात दिले नाही, ही मात्र उणीवच होती. निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातातल्या जुन्या यंत्रासाठी २०१७ साली आलेला ‘तोबू तोबू गर्ल’ हा खेळ त्याच्या कर्त्यांनी मोकळा ठेवला आहे. ‘केव्ह स्टोरी’ हा २००४ सालचा जपानी खेळ मूळ रूपात मोफतच प्रसिद्ध झाला होता आणि रेट्रोआर्कमध्ये, म्हणजे असे कोअर एकत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, तो चालवणारा कोअर आहे. माझ्या मते आपल्या पुतण्याने पहिल्यांदा हाच उघडावा. १९९३ च्या ‘डूम’चा पहिला भाग वाटण्यासाठीच काढला होता, आणि त्याच धर्तीचा ‘फ्रीडूम’ नावाचा संपूर्ण मोफत संचही आहे. पुतण्या आठवी-नववीत असेल आणि त्याला यात रस असेल तर जीबी स्टुडिओ नावाच्या मोफत साधनात प्रोग्रामिंग न शिकताही गेमबॉयचा छोटा खेळ तयार करता येतो, आणि तो याच यंत्रात चालतो. आमच्या गल्लीतल्या एका पोराने बैलजोडी पळवण्याचा खेळ केला आहे. बैल बैलासारखे दिसत नाहीत, पण शर्यत होते.

मोबाइलच्या मुद्द्यावर मी अर्धा आपल्या बाजूने आहे. रेट्रोआर्क अँड्रॉइडवर मोफत मिळते, आणि साधारण कोणताही हल्लीचा मोबाइल आर ३६ एस मधल्या आरके ३३२६ या चिपपेक्षा ताकदवान असतो. प्लेस्टेशन २ चे खेळ खेळायचे असतील तर हे यंत्र घेऊच नये. घरात जास्तीचा मोबाइल पडून असेल तर हजार-बाराशेचा गेमपॅड जोडणे हा शहाणपणाचा मार्ग आहे आणि तो मी लेखात सुचवायला हवा होता. पण गेमपॅडशिवाय काचेवर काढलेली बटणे मला मान्य नाहीत. ज्या खेळात उडी नेमक्या क्षणी मारायची असते तेथे अंगठ्याला बटणाची कड लागावी लागते. काचेवर अंगठा सरकतो, आणि हरल्यावर दोष आपला की काचेचा हे कळत नाही. शिवाय चित्राचा आकारही आहेच. गेमबॉयचे चित्र १६० बाय १४४ बिंदूंचे असते, ते या पडद्यावर बरोबर तिप्पट होऊन ४८० बाय ४३२ मध्ये बसते आणि प्रत्येक बिंदू चौकोनी, रेखीव दिसतो. रेट्रोआर्कमधील ‘इंटिजर स्केल’ (चित्र पूर्ण पटीतच मोठे करण्याची सोय) चालू करून ते एकदा पाहावे. गेमबॉय अ‍ॅडव्हान्स या त्यानंतरच्या यंत्राचे चित्र मात्र पूर्ण पडदाभर ताणले तर २.६७ पट होते आणि पळताना जमीन थरथरल्यासारखी दिसते. तेथे कडेला काळी पट्टी राहिलेली मला चालते.

आर ३६ एस मध्ये वाय-फाय नाही. ही उणीव म्हणून विकणारे सांगत नाहीत आणि घेणारे तक्रार करतात. माझ्या घरी तोच त्याचा मोठा गुण ठरला. जाहिरात येत नाही, कोणी पैसे मागत नाही, आणि टॉवर बंद असला तरी फरक पडत नाही.

चार हजारांचे आपण जे लिहिले ते मनाला लागले. ज्या घरात पेरणीच्या बियाण्याची जुळवाजुळव चालू आहे तेथे हे यंत्र घ्यावे असे मी कोठेही लिहिलेले नाही आणि लिहिणारही नाही. पण लेखाचा सूर ‘घ्याच’ असा होता, हे पुन्हा वाचल्यावर जाणवले. तो बदलला आहे, आणि ‘दहा मिनिटांत’ हे शब्द काढून तेथे ‘पहिल्या वेळी एक पूर्ण दिवस’ असे घातले आहे. डीटीबीचा परिच्छेद आपल्या प्रतिक्रियेच्या उल्लेखासह सर्वांत वर दिला आहे.

आता आपल्या यंत्राचे. मूळ कार्ड अजून पुसलेले नसेल तर त्यावर काहीही लिहू नका. ते संगणकाला लावून बूट भाग जसाच्या तसा एका फोल्डरमध्ये कॉपी करा, आणि मगच नव्या कार्डावरची फाइल बदला. मूळ कार्ड आधीच फॉरमॅट केले असेल तर वेगवेगळ्या पडद्यांच्या फाइली एकेक करून घालून पाहाव्या लागतील. चित्र उमटले की ती आपली. बदलताना यंत्र पूर्ण बंद असू द्यावे, आणि कार्ड ‘ओएस’ लिहिलेल्या खाचेतच जावे, ‘गेम’च्या नव्हे. माझ्याकडून पहिल्या खेपेला हीसुद्धा चूक झाली होती.