बेडूक साप खातो

मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. ‘रामाने रावणाला मारलं’ हे तीन शब्द सहा तऱ्हांनी मांडायचे. सहाही वाक्यं बरोबर. इंग्रजीत मात्र नावं उलटली की रावणच रामाला मारतो. म्हणून मराठीत अर्थ प्रत्ययात असतो, क्रमाला किंमत नाही, आणि आपली भाषा जास्त शास्त्रशुद्ध.

उदाहरण खरं आहे, पण सोयीचं. त्यात ‘ने’ही आहे आणि ‘ला’ही. आता ‘साप बेडूक खातो’ घ्या. दोघेही पुल्लिंगी, प्रत्यय एकालाही नाही. फिरवा बरं! बेडूक साप खायला लागतो. उलट ‘उंदीर मांजर खातं’ म्हटलं तरी खाणारं मांजरच, कारण उंदीर ‘खातो’, ‘खातं’ नाही. म्हणजे कर्ता कोण हे कधी प्रत्यय सांगतो, कधी क्रियापदाचं लिंग, आणि दोघेही गप्प बसले की क्रम.

‘ला दिसला की कर्म’ हेही त्याच मजकुरातलं. मग ‘मुलाला साप दिसला’ यात पाहिलं कोणी?

‘कुठलाही शब्द कुठेही’ हे तर ‘भुकेल्या मुलाने कुत्र्याला पोळी दिली’ इथेच आपटतं. ‘भुकेल्या’ एक शब्द पुढे सरकवा, भूक कुत्र्याला लागते.

बरं, त्या सहा वाक्यांचा तरी अर्थ एकच आहे का? मारणारा आणि मरणारा तेच, एवढं कबूल. पण ‘रावणाला कोणी मारलं?’ याला आपण सहज ‘रावणाला रामाने मारलं’ म्हणतो. विचारलेली गोष्ट क्रियापदाला चिकटून येते. आणि ‘मारलं एकदाचं रामाने रावणाला!’ हा सुटकेचा सुस्कारा आहे, माहिती नव्हे.

मजकुरात शेवटी पाणिनीला साक्षीला बोलावलेलं असतं. समासात गौण पद आधी येतं, हे ‘उपसर्जनं पूर्वम्’ असं सूत्र करून सांगणारा तोच. राजपुरुष म्हणजे राजाचा माणूस. पुरुषराज म्हणजे माणसांमधला राजा.

राहिली इंग्रजी. हजार वर्षांपूर्वी तिलाही विभक्तिप्रत्यय होते. ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम क्रमाने उचललं. झीज आपल्याकडेही आहे: आपण ‘त्याने खाल्लं’ म्हणतो, पण ‘मी खाल्लं’. जुन्या मराठीत इथे ‘म्यां’ होतं, आणि गावाकडे ‘म्या खाल्लं’ अजूनही ऐकू येतं.