‘ऑनपॉज आला म्हणजे फोन लॉक झाला’ हे खरं नाही

अ‍ॅप लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय: स्क्रीन लॉक ओळखायला फार काही लागत नाही. अँड्रॉइडवर ऑनपॉज (अ‍ॅपचा पडदा वापरातून बाजूला होतोय, ही सिस्टिमची हाक) आला किंवा ‘स्क्रीन ऑफ’चा ब्रॉडकास्ट (स्क्रीन बंद झाल्याची सिस्टिमची जाहीर सूचना) मिळाला की फोन लॉक झाला असं धरा. आयफोनवर अ‍ॅप बॅकग्राउंडला गेलं आणि ब्राइटनेस शून्य दिसला की झालं. नवी मुलं हा कोड जसाच्या तसा उचलतात आणि फटका बसतो तो वापरणाऱ्याला, म्हणून एकेक मुद्दा खोडून काढतो.

आधी ऑनपॉज. तो तुमच्या अ‍ॅक्टिव्हिटीची, म्हणजे अ‍ॅपच्या एका पडद्याची, खबर देतो, फोनची नाही. परवानगी विचारणारी खिडकी वर आली, होम दाबलं, दुसरं अ‍ॅप उघडलं, पॉवर बटण दाबलं. येतो तो ऑनपॉजच. पडदा पूर्ण दिसेनासा झाल्यावर येणाऱ्या ऑनस्टॉपचंही फारसं वेगळं नाही. मी अभ्यासासाठी एक टायमर लिहिला होता. मध्येच अ‍ॅप सोडलं तर सत्र रद्द, असा नियम. एकीने टायमर लावला, फोन बाजूला ठेवला आणि पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप बंद झाली, ऑनस्टॉप आला आणि तिचं सत्र रद्द. जिने अगदी हवं तेच केलं, तिलाच मी शिक्षा दिली. हे मला फार लागलं. दुरुस्ती छोटी होती: ऑनस्टॉपमध्ये सिस्टिमच्या पॉवरमॅनेजरला ‘इझइंटरॅक्टिव्ह’, म्हणजे फोन जागा आहे का, असं विचारायचं. उत्तर ‘नाही’ आलं तर फोन झोपलाय, ‘हो’ आलं तर बहुधा माणूस दुसरीकडे गेलाय.

पण फोन झोपला म्हणजे लॉक झाला का? नाही, आणि सल्ल्यातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. स्क्रीन बंद झाल्यावर किती वेळाने लॉक लागावा, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. तेवढ्या वेळात कोणीही बटण दाबलं तर पिन न विचारता फोन उघडतो. लॉकचं, लॉक स्क्रीन सांभाळणाऱ्या कीगार्डमॅनेजरलाच विचारावं लागतं, आणि तिथेही दोन प्रश्न वेगळे आहेत. ‘इझकीगार्डलॉक्ड’ सांगतं की लॉक स्क्रीन लागली आहे, मग ती नुसती बोटाने सरकवायची का असेना. ‘इझडिव्हाइसलॉक्ड’ सांगतं की उघडायला पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड लागेल. सुरक्षेसाठी दुसरा प्रश्न विचारा. तो अँड्रॉइड ५.१ पासून उपलब्ध आहे.

‘रिसीव्हर (ब्रॉडकास्ट ऐकणारा कोड) मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपची माहिती सिस्टिमला देणाऱ्या फाइलमध्ये) टाका, अ‍ॅप बंद असलं तरी कळेल’ असंही सांगतात. कळत नाही. ‘स्क्रीन ऑफ’चा ब्रॉडकास्ट मॅनिफेस्टमधल्या रिसीव्हरपर्यंत पोचतच नाही. रिसीव्हर चालत्या अ‍ॅपमध्येच रजिस्टर करावा लागतो आणि अ‍ॅपची प्रोसेस बंद पडली की तोही जातो.

आयफोनवर ‘आत्ता लॉक झालं’ असं थेट सांगणारी अधिकृत सोय अ‍ॅपला नाही. ब्राइटनेसची युक्ती भरवशाची नाही, आणि स्प्रिंगबोर्डची (आयफोनची होम स्क्रीन चालवणाऱ्या भागाची) ‘लॉककम्प्लीट’ सूचना अ‍ॅपलची खासगी असल्यामुळे अ‍ॅप नाकारलं जाऊ शकतं. अधिकृत मार्गांतला त्यातल्या त्यात जवळचा म्हणजे ‘प्रोटेक्टेड डेटा’ (फोन लॉक असताना वाचता न येणाऱ्या फाइली) उपलब्ध नसल्याची सूचना. पण ती पासकोड असेल तरच उपयोगाची, आणि लॉक झाल्याच्या क्षणी नव्हे तर थोड्या वेळाने येते. पासकोड लगेच मागायचा असं सेटिंग असलं तरी साधारण १० सेकंद जातात.

तुमचं अ‍ॅप पैशांचं असेल तर लॉक पकडायच्या मागे लागूच नका. ऑनस्टॉपला ‘इलॅप्स्ड रिअलटाइम’ (फोन चालू झाल्यापासूनचा वेळ, झोपेसकट) नोंदवा, परत आल्यावर फरक बघा, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त असेल तर पुन्हा पिन किंवा बोटाचा ठसा मागा. भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वापरू नका, ती सेटिंगमधून मागे नेता येते. ‘अपटाइम’ही नको, फोन गाढ झोपला की ते मोजणं थांबतं.