सरकार नको, पण रविवारी दुकान बंद

अमेरिकन माणसाला सरकारविषयी काय वाटतं, हे त्याला विचारू नये. तो मनापासून सांगतो, पण ते भाषण असतं. त्याऐवजी कुणाकडे तरी जेवायला जायचं ठरवावं आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेत एक वाइनची बाटली, एक व्हिस्की आणि सहा बिअर घ्यायला उतरावं. ही खरेदी कुठे, किती वाजता, कुणाच्या गल्ल्यावर आणि कुठल्या तापमानाला होते, यावरून त्या राज्याचं खरं मत कळतं.

देशभरची दारूबंदी १९३३ मध्ये २१व्या घटनादुरुस्तीने उठली, पण त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमाने नियम करायचं काम राज्यांच्या गळ्यात घातलं. तेव्हापासून पन्नास चुली मांडलेल्या आहेत. १७ राज्यांत आजही सरकार स्वतः दारूचं ठोक व्यापारी आहे आणि त्यातल्या काही ठिकाणी दुकानदारही. वर्धा-गडचिरोलीची दारूबंदी आणि पिण्याचा परवाना ठाऊक असलेल्या मराठी माणसाला याचं फारसं नवल वाटणार नाही. नवल आहे ते यादीतल्या नावांचं. वायोमिंग, आयडाहो, युटा, अलाबामा, मिसिसिपी! बाजाराच्या कामात सरकारने नाक खुपसू नये असं उठताबसता सांगणारी ही राज्यं. उलट ज्या कॅलिफोर्नियाला बाकीचे समाजवादी म्हणून नावं ठेवतात, तिथे पहाटे सहापासून रात्री दोनपर्यंत किराणा दुकानात दुधाशेजारी टकीला मिळते.

पेनसिल्व्हेनियापासून सुरुवात करावी, म्हणजे पुढचं सगळं सोपं वाटतं. दारूबंदी उठली तेव्हा इथले गव्हर्नर होते गिफर्ड पिंशो. त्यांना दारू मनापासून नापसंत. दारू विकत घेणं जमेल तितकं गैरसोयीचं आणि महाग करायचं, हे त्यांचं जाहीर धोरण होतं, आणि सरकारी धोरण इतक्या काटेकोरपणे अमलात आल्याची उदाहरणं थोडी. व्हिस्की हवी तर सरकारी दुकान. बिअरची पेटी हवी तर डिस्ट्रिब्युटर नावाचं वेगळं गोदाम. तिथे अनेक दशकं पेटीखाली काही मिळतच नसे. २०१६ च्या कायद्याने किराणा दुकानांना वाइनही विकता येऊ लागली, पण ती उपाहारगृहाच्या परवान्यावर. म्हणून दुकानाच्या एका कोपऱ्यात निदान तीस जणांना बसायची सोय आणि वेगळा गल्ला असतो. कांदे-बटाटे एका रांगेत, वाइन दुसऱ्या. एका बिलात वाइन तीन लिटर, म्हणजे नेहमीच्या चार बाटल्या, आणि बिअर १९२ औंस, म्हणजे साधारण पावणेसहा लिटर. जास्त हवी तर पैसे द्यायचे, बाहेर जायचं, गाडीत ठेवायची आणि पुन्हा आत येऊन रांगेत उभं राहायचं. हे पूर्ण कायदेशीर आहे.

बिलात न दिसणारी गोष्ट वेगळीच. १९३६ मध्ये जॉन्सटाउन गावात मोठा पूर आला. गाव उभं करायला दारूवर १० टक्के तात्पुरता कर बसवला. पूर ओसरला, गाव उभं राहिलं, कर मात्र १९६३ मध्ये १५ आणि १९६८ मध्ये १८ टक्के झाला. तो आजही किमतीतच मुरवलेला असतो आणि त्या किमतीवर पुन्हा ६ टक्के विक्रीकर लागतो. पूरग्रस्तांना इतकी वर्षं मदत करणारे ग्राहक जगात दुसरीकडे नसतील.

आता न्यू हॅम्पशायर. गाडीच्या नंबरप्लेटवरच लिहिलेलं असतं: स्वतंत्र जगा, नाहीतर मरा. हे वाक्य एका माणसाला धर्माच्या कारणाने पटलं नाही म्हणून त्याने ते झाकलं, तर राज्याने त्याला पंधरा दिवस तुरुंगात टाकलं. अखेर १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वातंत्र्याची सक्ती करता येत नाही. इथे विक्रीकर नाही, पगारावर राज्याचा आयकर नाही, मोठ्यांना सीटबेल्टचीही सक्ती नाही. आणि व्हिस्की? फक्त सरकारी दुकानात! मक्तेदारी पेनसिल्व्हेनियासारखीच, हेतू मात्र बरोबर उलटा. ही दुकानं हायवेला लागून, ऐसपैस पार्किंगसह बांधलेली आहेत, कारण गिऱ्हाईक मॅसॅच्युसेट्सहून यायचं असतं. शेजाऱ्याच्या खिशातून आपला राज्यकारभार चालवण्याला इथे मुक्त बाजार म्हणतात. मला तरी हा प्रामाणिकपणा आवडतो.

टेक्सासमध्ये स्वातंत्र्याची उंची जास्त, दुकानाच्या वेळा कमी. कडक दारूचं दुकान सकाळी दहा ते रात्री नऊ, रविवारी बंद. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हा परवाना मिळतच नाही. बाटली नाही तर नाही, तेवढ्यात गाडी तरी बघू म्हणावं, तर गाड्यांच्या शोरूमला शनिवार-रविवारपैकी एक दिवस बंद ठेवावाच लागतो. शिवाय कारखान्याने गिऱ्हाइकाला थेट गाडी विकायची नाही, मध्ये डीलर हवाच. टेस्लाचं मुख्यालय ऑस्टिनमध्ये, कारखानाही तिथेच, तरी हा नियम तिलाही लागू.

हे सगळं ढोंग आहे, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो आवरावा. डॅनियल एलाझार या राज्यशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या राजकीय वृत्तीचे तीन प्रदेश सांगितले होते. न्यू इंग्लंडचे, म्हणजे ईशान्येकडच्या राज्यांतले कर्मठ ख्रिस्ती प्युरिटन आणि मिनेसोटाकडचे स्कँडिनेव्हियन यांच्या मते सरकार म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं चांगलं काम. मधल्या पट्ट्यात सरकार हा एक धंदाच, घ्या-द्या. दक्षिणेत सरकारचं काम म्हणजे चालत आलेली घडी मोडू न देणं. दारूचं दुकान या नकाशावर ठेवलं की बरंच जुळतं. मिनेसोटात गावाच्या मालकीची दारू दुकानं आहेत. नफा गावाच्या तिजोरीत जातो, म्हणजे पिणाऱ्याला सार्वजनिक कार्याचं समाधानही मिळतं. टेक्सासचा रविवार मोडत नाही, कारण तो सरकारचा मानलाच जात नाही, चर्चचा मानला जातो.

पण हा नकाशा इंडियानात अडखळतो. तिथे किराणा दुकानात बिअर मिळते, फक्त गार मिळत नाही. कायद्याने ती खोलीच्या तापमानालाच विकायची. गार करून विकायचा हक्क दारूच्या खास दुकानांचा. यात ना प्युरिटन, ना परंपरा. यात आहे फ्रीज, आणि ज्यांच्याकडे फ्रीजचा हक्क आहे ते तो सोडत नाहीत. अर्थतज्ज्ञ ब्रूस यँडल यांनी १९८३ मध्ये याला छान नाव दिलं: बॅप्टिस्ट आणि बूटलेगर. रविवारची बंदी पाद्रीबुवा पापासाठी मागतात, चोरटी दारू विकणारा गिऱ्हाइकासाठी मागतो, आणि आमदार पहिल्याचं नाव घेऊन दोघांचंही मन राखतो. इंडियानात जाताना बर्फाची पेटी गाडीत ठेवावी, एवढंच.

दारू न पिणाऱ्यांना हा अनुभव बँकेत घेता येतो. नॉर्थ डकोटा १९६८ पासून प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन, आणि त्याच राज्याची स्वतःची सरकारी बँक १९१९ पासून चालू आहे. शिवाय पिठाची सरकारी गिरणीही आहे. मिनियापोलिसच्या सावकारांनी आणि धान्य व्यापाऱ्यांनी पिळलेल्या गहू उत्पादकांनी ही दोन्ही काढली. शेजारच्याच्या शेजारी नेब्रास्कात घरोघरी वीज पुरवणाऱ्या सगळ्या संस्था सार्वजनिक किंवा सहकारी. तिथल्या शेतकऱ्याला समाजवादी म्हणून बघा. पुढचं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. त्याच्या लेखी सरकार म्हणजे वॉशिंग्टन. वीज कंपनी ही ‘आपली’ असते. आपल्याकडे साखर कारखान्याला सरकारी म्हटलं की सभासद जसा चिडतो, तसंच.

राहता राहिलं युटा. तिथे किराणा दुकानात ५ टक्क्यांपर्यंतची बिअर मिळते, त्यावरची सरकारी दुकानात, आणि ते रविवारी बंद. बारमध्ये पेल्यात मुख्य दारू, म्हणजे मिश्रणातली मूळ कडक दारू, दीड औंस (साधारण ४४ मिलिलिटर), मोजून, यंत्रातून. सढळ हाताचा यजमान इथे कायद्यानेच शक्य नाही. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट जवळ ठेवावा. पिकलेले केस पुरावा म्हणून चालतीलच असं नाही.

फिलाडेल्फियाची मंडळी हा सगळा व्याप टाळायला शेजारच्या डेलावेअरला जातात, जिथे विक्रीकरच नाही. तिथून बाटली पेनसिल्व्हेनियात आणणं बेकायदा आहे आणि हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा जेवायला जाताना किमतीचं लेबल खरवडून काढावं. तसंही ते भेटीवर शोभत नाही.